मोतीचं सुतक

आमच्या घरातली छोटी खोली भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा मी माझ्या नवऱ्याला, मंदारला, बजावलं होतं, मला कटकट नकोय. शांत, एकटी, अभ्यासू मुलगी हवी. मराठी मंडळींच्या ग्रुपवर तसं टाकलं आणि दोनच दिवसांत फोन आला. "मी कौसल्या वैराळे बोलून राहिले, नागपूरहून. विद्यार्थिनीसाठी खोली आहे म्हणून वाचलं." मी म्हटलं, "हो काकू, आहे ना. मुलीचं नाव काय?" पलीकडून उत्तर आलं, "अवो, मुलगी कोण? विद्यार्थिनी मीच आहे. वय चोपन्न. चालते का?"

आता याला नाही कसं म्हणायचं? मी "चालते" म्हणाले. मंदारने कपाळाला हात लावला. "अगं, ही आपली सासू होऊन बसेल," म्हणाला. तसं काही झालं नाही. जे झालं ते मला अजून नीटसं सांगता येत नाही, म्हणून तर लिहायला बसलेय.

ओंगारचं आमचं घर डब्लिनमधल्या नव्या वसाहतीतल्या इतर घरांसारखंच. सगळी एका साच्यातली, दाराचा रंग तेवढा वेगळा. छोटी खोली म्हणजे एक पलंग, एक खिडकी आणि उभं राहायला जागा. कौसल्याताई आल्या त्या दोन बॅगा घेऊन. एकीत कपडे आणि लोणची. दुसरी उघडली तर आत लग्नपत्रिका! शेकडो जुन्या लग्नपत्रिका, रबराने बांधलेले गठ्ठे. मला वाटलं बाईंना काहीतरी छंद दिसतोय. त्या म्हणाल्या, "मागची बाजू कोरी असते ना बाप्पा. एवढा जाड कागद विकत कोण देते?" त्यांचं सगळं संशोधन त्या कोऱ्या बाजूंवर होतं. एका पत्रिकेवर एक बाई. पुढे गणपती, चि. सौ. कां. अमुक हिचा शुभविवाह, आणि मागे बारीक अक्षरात बसऱ्याच्या नाहीतर बगदादच्या कुठल्यातरी मुलीची हकिगत. पावसाळी हवेत पत्रिका सादळतात म्हणून त्या हॉट प्रेसमध्ये ठेवायच्या. इथे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाला हॉट प्रेस म्हणतात. तिथेच शेजारी त्यांचे पापडही वाळत. आमच्या टॉवेलांना वर्षभर हिंगाचा वास यायचा.

विषय काय, असं मंदारने पहिल्याच संध्याकाळी अदबीने विचारलं. ताई भाजी निवडत होत्या. "गुलाम बायकांचं शिक्षण," म्हणाल्या. "अब्बासी खलिफांच्या काळातलं."

"गुलामांना शिकवायचे?"

"तर! तुम्हाला-मला शिकवलं नसेल इतकं." मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकता ऐकता माझी फोडणी जळाली. आठ-नऊ वर्षांची मुलगी विकत घ्यायची. तिला गाणं शिकवायचं, ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवायला शिकवायचं, कवितेच्या हजारो ओळी पाठ करून घ्यायच्या, व्याकरण, कुराण, बुद्धिबळ, हजरजबाबीपणा. पाच-सात वर्षं मेहनत घेतली की गिऱ्हाईक बोलवायचं. गिऱ्हाईक अर्धी ओळ म्हणणार, तिने उरलेली अर्धी तिथल्या तिथे रचून दाखवायची. जमली तर किंमत कितीतरी पटींनी वाढायची. अशा काही मुली राजवाड्यापर्यंत गेल्या, त्यांचे विनोद, त्यांची उत्तरं लोकांनी ग्रंथांत लिहून ठेवली.

"म्हणजे एका अर्थी भाग्यवानच," मंदार म्हणाला.

ताईंनी हातातली मेथी खाली ठेवली. "शिकवलं हे खरं आहे. कशासाठी, ते विचारायचं," म्हणाल्या. हे वाक्य पुढे चार वर्षं आमच्या घरात इतक्या वेळा झालं की माझी लेक ईरा, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर मात्र पक्क्या आयरिश इंग्रजीत देते, ती गणिताचा गृहपाठ समोर आला की ऐटीत म्हणायची, "कशासाठी, ते विचारायचं!" तेवढं मराठी तिला बरोबर यायचं.

ताई अरबी शिकल्या त्या नागपुरातच. त्यांच्या मोहल्ल्यात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्यांना सगळे आपा म्हणत. मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवून घरी जाताना ताई रोज तासभर त्यांच्याकडे बसायच्या. अकरा वर्षं! घरातल्यांना वाटायचं, भिशी असेल. पीएच.डी. नाही म्हणून कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली विभागप्रमुख झाल्या, आणि ताई आपल्या लेक्चररच. नवरा गेला, मुलगा बंगळुरूला मार्गी लागला, तेव्हा त्यांनी इथे अर्ज केला. विभागप्रमुख बाई म्हणाल्या होत्या, "मॅडम, या वयात?" ते त्यांना फार लागलं होतं. "पदवी घेऊनच जाईन, नाहीतर मले तोंड नाही दाखवता येणार," असं त्या मला एकदा म्हणाल्या, तेव्हा आवाज हलका होता पण डोळे गंभीर होते. चिडल्या किंवा हळव्या झाल्या की त्यांच्या 'मला'चं 'मले' व्हायचं. त्या दिवशी झालं होतं.

इथल्या विद्यापीठाच्या ऑफिसात त्यांच्या नावाचा केवढा घोळ! पदवी कौसल्या ढोके नावाची, पासपोर्ट सुमन वैराळे नावाचा. काउंटरवरच्या मुलीला कळेना की आडनाव बदललं ते ठीक, पण पहिलं नाव कसं बदललं? ताईंनी तिला समजावलं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. त्यांच्या सासूबाईंचंही नाव कौसल्याच होतं, आता सासूच्या नावाने सुनेला हाका कशा मारणार? म्हणून सुमन. "अँड यू जस्ट बिकेम सुमन?" "बिकेम," ताई म्हणाल्या. सासरी तीस वर्षं कुणी त्यांना कौसल्या म्हटलं नाही. सुमन कमी बोलायची, सुमन उपास करायची, सुमनला पोहायला येत नव्हतं. कौसल्या वर्धा नदीत पोहायची! नवरा गेल्यावर त्या पुन्हा कौसल्या झाल्या. "घर बदललं की बाई बदलते, अनघा," असं त्या हसत हसत सांगायच्या. तेव्हा मीही हसले. याच एका समजुतीपायी पुढे त्यांच्या हातून केवढी चूक होणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत?

चूक सांगण्याआधी गणपतीचा प्रसंग सांगते, कारण त्याशिवाय ताई कळायच्या नाहीत. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, वीस-पंचवीस माणसं येतात, सगळी आयटीतली, त्यामुळे आरती संपली की व्हिसा आणि घरांच्या किमती. एका गृहस्थांनी ताईंचा विषय ऐकला आणि खुर्चीत सावरून बसले. "बघा! यांच्यात बायकांची ही अवस्था. हे बाहेर आलंच पाहिजे ताई, लिहा तुम्ही," अशी सुरुवात केली. आणखी दोघांनी माना डोलावल्या. ताईंच्या हातात मोदकांचं ताट होतं. त्यांनी त्या गृहस्थांना आधी मोदक वाढला, वर तूप घातलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही पुण्याचे ना? पेशवाईत कुणबिणी विकत मिळायच्या. बायका, लहान मुली. त्याचे कागद तुमच्या पुण्यातच आहेत, वाचले का कधी?" गृहस्थ म्हणाले, "ते वेगळं हो." "वेगळं आहेच," ताई म्हणाल्या. "त्यांना कुणी अक्षरही शिकवलं नाही, म्हणून त्यांच्या तोंडचं एक वाक्य मागे राहिलं नाही. घ्या, अजून एक मोदक घ्या." पुढच्या वर्षी ते गृहस्थ आले नाहीत. मला मनातून फार बरं वाटलं.

पण त्यांचं हे शस्त्र माझ्यावरही चालायचं. एकदा मी उत्साहात म्हटलं, "ताई, म्हणजे आपल्या कांदेपोह्यांसारखंच की! गाता येतं का, विणता येतं का, चालून दाखव." मला वाटलं, काय छान बोलले. ताई म्हणाल्या, "मला आठ जणांना दाखवलं अनघा. आठव्याने पसंत केलं. वाईट वाटायचं. पण सातव्याने नाही म्हटल्यावर मी आईच्या कुशीत जाऊन रडले होते. त्या मुलींना कुशी नव्हती. असं सगळं एका पारड्यात टाकू नको." खरं सांगायचं तर मला राग आला होता. चांगल्या तुलनेची अशी माती कुणी करत नाही.

त्यांच्या पत्रिकांच्या ढिगात त्यांची लाडकी होती एक. अरबीत तिचं नाव लूलू, म्हणजे मोती. "मोती?" मंदार हसला, "आमच्या आळीतल्या कुत्र्याचं नाव." ताई हसल्या नाहीत. "हो ना. असंच ठेवायचे मालक. मोती, सुगंधा, चंद्रिका. हौसेने पाळलेल्या वस्तूला ठेवतात तसं," म्हणाल्या. मोती नवव्या वर्षी बसऱ्यात विकली गेली. आवाज असा की तिचा शिक्षक परगावी जाताना तिला कुलपात ठेवून जायचा. पंधराव्या वर्षी बगदादच्या एका बड्या अंमलदाराने तिला घेतलं. पुढे चाळीस वर्षांनी दुसऱ्या एका ग्रंथात मोती पुन्हा दिसते. आता म्हातारी, मुक्त झालेली, स्वतःच्या घरात मुलींना शिकवणारी, अतिशय कडक. ती कधी गात नसे, असंही तिथे लिहिलं होतं.

ताईंनी या दोन टोकांवरून प्रबंधाचं पाचवं प्रकरण उभं केलं. विकलेली मुलगी शेवटी स्वतःच्या दारात, स्वतःच्या इच्छेने शिक्षिका होते. साठ पानं. आणि काय लिहिलं होतं हो! त्यांचे गाईड डोनल, मूळचे ट्रली गावचे, मितभाषी माणूस, तेसुद्धा म्हणाले की या प्रकरणावर तुमची पदवी उभी आहे. भेटले की पहिलं विचारायचे, "अँड हाऊज युअर वुमन?" इथे कुठल्याही बाईला असंच म्हणतात, पण ताईंना ते आवडायचं. आमच्याही घरात मोती राहायलाच आली होती. ईरा शाळेतून आली की विचारायची, मोतीने आज काय केलं. पहिल्या मोतीला आवाज आणि दुसरी गातच नाही, हे कसं, असं मीच एकदा विचारलं होतं. ताई म्हणाल्या, "नव्या घरात चालत नसेल. सुमननं पोहणं सोडलंच ना?"

प्रबंध द्यायला तीन आठवडे राहिले होते. सप्टेंबर होता. सँडीफोर्डच्या ऑफिसात त्या दिवशी आमची सिस्टीम बंद पडली म्हणून मी दुपारीच लुआसने, म्हणजे इथल्या ट्रामने, निघाले आणि चारला घरी पोचले. ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, केस ओले, पाठीवर सोडलेले, पाणी गळतंय, आणि ओठ निळे. मी घाबरलेच. "आत्ता आंघोळ? आणि इमर्शन लावलं नव्हतंत का? गार पाण्याने?" इमर्शन म्हणजे पाणी तापवायचं बटण, त्यावरून आमची रोजची वादावादी. ताई म्हणाल्या, "अशा आंघोळीला पाणी तापवत नाहीत."

आपल्याकडे लांबच्या नातेवाइकाची बातमी उशिरा आली की डोक्यावरून आंघोळ करतात आणि सुतक फिटतं, हे मला माहीत होतं. मला वाटलं, नागपूरहून फोन आला. "कोण गेलं ताई?"

"मोती."

मला कळेचना. टेबलावर लॅपटॉप उघडा होता, पडद्यावर एका जुन्या हस्तलिखिताच्या पानाचा फोटो. कुठल्याशा परदेशी ग्रंथालयाला त्यांनी दोन वर्षांपूर्वी मागितलेलं पान त्या सकाळी आलं होतं. त्यात अंमलदाराच्या घराची हकिगत होती. बसऱ्याहून आणलेली मोती त्याच वर्षी तापाने गेली. पंधराव्या वर्षी. चाळीस वर्षांनंतरची शिक्षिका ही दुसरीच कुणी मोती. "गल्लोगल्ली मोती असतात," ताई म्हणाल्या. "मलेच कसं सुचलं नाही? आपल्यात एका बाईची दोन नावं असतात, म्हणून दोन बायकांचं एक नाव असेल हे डोक्यातच आलं नाही. एक गाते, एक गात नाही, समोर दिसून राहिलं होतं. मी म्हटलं, घर बदललं, बाई बदलली." आणि त्या रडायला लागल्या. चार वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "बाराशे वर्षं झाली पोरीला जाऊन. रडायले कोणी होतं की नाही, देव जाणे. म्हणून म्हटलं, आपण तरी आंघोळ करू."

मी चहा केला, टॉवेल आणला, केस पुसून दिले. आणि मग मी जे बोलले ते लपवत नाही. मी म्हटलं, "ताई, हे पान कुणी पाहिलंय?" "मी आणि तो ग्रंथपाल." "मग राहू द्या ना. डोनलना ही लिपी वाचता येत नाही, परीक्षकांना हे पान आहे हेच माहीत नाही. आमच्याकडे अशा चुकीला 'नोन इश्यू' म्हणतात, नोंद करायची आणि पुढच्या वेळी बघायचं. आधी पदवी पदरात पाडून घ्या." मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांच्या चुका पकडणं हे माझं पोट. आणि मी हे बोलले.

ताईंनी कप खाली ठेवला. "तिच्या मालकांनी तिला हवी तशी वापरली," म्हणाल्या. "शिक्षकाने वापरली, अंमलदाराने वापरली. आता मी वापरू? माझ्या पदवीसाठी?" आवाज चढला नव्हता. मी खाली पाहिलं. मला फार लाज वाटली, अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोनलना सगळं सांगितलं. तो भला माणूस म्हणाला, एवढं कशाला, प्रकरण तसंच ठेवा, 'कदाचित' घाला. ताई म्हणाल्या, "मेलेल्या मुलीला कदाचित कसं म्हणू?" शेवटी डोनल म्हणाले, "ग्रँड सो," म्हणजे ठीक आहे तर. त्यांनी ताईंना दोन महिन्यांची मुदत मिळवून दिली. साठ पानांचं प्रकरण मोडलं. शिक्षिका मोतीची पंधरा पानं झाली. आणि मुलगी मोतीचं वेगळं प्रकरण, अर्ध्या पानाचं. विकली, शिकवली, विकली, गेली. ताईंना जेवढं ठामपणे माहीत होतं तेवढंच.

तोंडी परीक्षा जानेवारीत झाली. मी रजा टाकून त्यांना घेऊन गेले आणि खाली कँटीनमध्ये तीन तास बसले. कॉफीचे चार कप झाले. ताई जिना उतरून आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काहीच कळेना. बाहेरच्या परीक्षक बाई वयस्कर होत्या, हुशार, बाकी प्रबंधावर खूश. पण अर्ध्या पानावर अडल्या. अर्ध्या पानाचं प्रकरण असत नाही, म्हणाल्या. एक तर तळटीप करा, नाहीतर भरा. त्याशिवाय पदवीवर सही नाही.

"मग करा ना तळटीप!" मी म्हणाले.

"नाही करणार."

"मग भरणार कशाने?"

"तेच तर," ताई म्हणाल्या.

मार्चअखेर त्यांची रजा संपत होती. नागपूरहून विभागप्रमुख बाईंच्या मेलवर मेल येत होत्या, कधी रुजू होताय? आणि ताई बसून. तीन आठवडे त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. पोळ्या लाटताना मधेच थांबायच्या आणि पुटपुटायच्या, "भरा म्हणे. खोटं भरू का?" मला वाटायला लागलं, आता ही बाई हात हलवत परत जाणार. मंदारसुद्धा हळू आवाजात बोलायला लागला होता.

मग एका शनिवारी सकाळी मी खाली आले तर ताई लिहीत होत्या. दुपारी जेवायला उठल्या नाहीत. रविवारी ईराला शेजारी बसवून तिच्याकडून इंग्रजी वाचून घेतलं. ईरा वाचत होती, ताई ऐकत होत्या, मी भांडी विसळत होते. प्रत्येक वाक्याचा शेवट एकच होता. तिला कुठून पळवलं, माहीत नाही. रोज किती ओळी पाठ करायला लागायच्या, माहीत नाही. चुकली तर काय शिक्षा होती, माहीत नाही. कुलूप लावलेल्या खोलीत खिडकी होती का, माहीत नाही. ऊद तिच्यापेक्षा मोठा होता का, माहीत नाही. बरोबर शिकणारी एखादी मैत्रीण होती का, ती आधी विकली गेली का, माहीत नाही. नऊ वर्षांची होईपर्यंत आई तिला कुठल्या नावाने हाक मारायची, माहीत नाही. असं पानामागून पान, अकरा पानं. प्रत्येक प्रश्नाखाली ताईंनी लिहिलं होतं की हे आपल्याला का कळू शकत नाही, कुठले कागद कुणी लिहिले आणि कुणी लिहायचं टाळलं. एक शब्द रचलेला नव्हता. ईरा मधेच थांबली आणि म्हणाली, "मम, धिस इज सो सॅड, लाइक." मी नळ बंद केला नाही, कारण मला रडायला येत होतं आणि ते ऐकू जायला नको होतं.

परीक्षक बाईंचं पत्र मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. मंजूर. बाकी प्रबंधात किरकोळ चार दुरुस्त्या होत्या, त्या अकरा पानांबद्दल एक अक्षरही नव्हतं. मी घरात नाचले. केक आणला, मंदारने "डॉक्टर, डॉक्टर" करून घर डोक्यावर घेतलं. ताईंनी देवापुढे साखर ठेवली, नागपूरला आपांना फोन केला, आणि मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या खूश होत्या, नाही असं नाही. पण मी त्यांना चार वर्षं बघत होते. काहीतरी टोचत होतं.

विमानतळावर जाताना गाडीत त्या म्हणाल्या, "अनघा, मी तिला पंचावन्न वर्षांची केली होती गं. खोटी का होईना. घर दिलं होतं, दार दिलं होतं. मग मीच तिला उचललं आणि परत त्या अंमलदाराच्या घरी नेऊन सोडलं, मरायला. मले पदवी मिळाली. तिचं काय झालं?" मी म्हटलं, "ताई, ती आहे हे तरी तुमच्यामुळे जगाला कळलं." ते खरंच होतं, पण पुरेसं नव्हतं, हे बोलतानाच मला कळलं. ताई "हं" म्हणाल्या.

विमानतळावर गर्दी होती. त्यांनी ईराचा पापा घेतला, मला जवळ घेतलं, "इमर्शन बंद केलंस ना?" म्हणाल्या, मी हसले, आणि त्या तपासणीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही वळलोच होतो. इतक्यात मागून "सॉरी, सॉरी" ऐकू आलं. पाहिलं तर ताई रांगेतल्या माणसांना बाजूला सारत परत येत होत्या. मला वाटलं, पासपोर्ट विसरल्या. धापा टाकत दोरीपाशी आल्या आणि माझा हात घट्ट धरला.

"एक राहिलंच गं लिहायचं."

"काय राहिलं?"

"पाचशे पानं लिहिली. तिला काय शिकवलं, कोणी शिकवलं, किती शिकवलं, कशासाठी शिकवलं. आणि तिला गायला आवडत होतं का, हे विचारायचंच राहिलं. कुणीच नाही विचारलं तिला. मीसुद्धा नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला काही बोलायला सुचायच्या आत त्या परत रांगेत गेल्या. मी बघत उभी राहिले. रांग पुढे सरकली, पण ताई सरकल्या नाहीत. त्यांनी पर्समधून पेन काढलं, बोर्डिंग पास बॅगेवर ठेवला आणि वाकून त्याच्या कोपऱ्यात लिहायला लागल्या. तपासणीवाल्याने दोनदा हाक मारली. मागच्या माणसाने घड्याळ बघितलं. ताईंनी मान वर केली नाही, एक हात मात्र उंच केला, थांबा म्हणून, आणि सगळी रांग थांबली.